ऊन गावावर पडतं, पैसा कुठं जातो?

 

सध्या आपल्या भागात एकच विषय आहे, सोलर. कारंजा, आर्वी, आष्टी, सेलू, कुठल्याही तालुक्यातल्या जंगलाकाठच्या गावात जा, कोणी ना कोणी विचारतंच, "गावची ई-क्लास सोलरमध्ये चालली म्हणतात, खरं काय?" कुठं ग्रामपंचायतीला ठराव मागतात. कुठं मोजणी होते आणि ती कशासाठी झाली हे गावाला मागून कळतं. कुठं एखादा एजंट पारावर बसून एकरी भाडं सांगून जातो.

आम्ही बोरगाव मेघेत राहून संघटनेचं काम करणारी पोरं-पोरी. गावोगावचे हे प्रश्न आमच्याकडे येतात. संघटनेत यावर दोन मतं आहेत. काही जुने साथी म्हणतात, कंपनी आली की जमीन गेली, म्हणून सरळ हाकलून लावा. काही तरुण साथी म्हणतात, कपाशीत काही उरत नाही, रानडुक्कर पीक ठेवत नाही, भाडं मिळतंय तर घेऊ द्या. दोघांच्याही बोलण्यात खरेपणा आहे. पण दोन्ही मतं आपल्याला जमीन देणारा किंवा न देणारा एवढंच समजतात. आमचं म्हणणं असं की विजेच्या या बाजारात ग्रामसभा स्वतः एक पक्ष आहे. तिने हिशोब मांडून, कायदा हातात धरून बोलणी केली पाहिजे. ते कसं, हे या लेखात सांगतो.

सोलर आपला दुश्मन नाही

आधी एक गोष्ट साफ करू. उन्हापासून वीज झाली याचं आपल्याला वाईट वाटायचं कारण नाही. कोळशाच्या विजेची किंमत आपल्या विदर्भाने मोजली आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा काढताना गावं उठली, चंद्रपूरची हवा काळी झाली, आणि वीज लांब शहरात गेली. आपल्या वर्ध्याजवळ मांडव्याला १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प उभा राहत होता. तो अर्धवट राहिला आणि कंपनी दिवाळखोरीत निघाली. शेतकऱ्याचं वावर एकदा गेलं की प्रकल्प बुडाला तरी ते आपोआप परत येत नाही. ही गोष्ट पुढे सोलरच्या कराराबद्दल बोलताना ध्यानात ठेवा.

दुसरं, ओलिताला रात्रीची लाईन असली की काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. अंधारात मोटर चालू करायला जायचं, पायाखाली साप, समोर डुक्कर, आणि जंगलाकाठच्या गावात वाघही. सोलरमुळे दिवसा लाईन मिळत असेल तर ती आपल्या जिवाची गोष्ट आहे.

तिसरं, आपल्या वर्ध्यातच मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा राहिले. १९३४ ला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हापासून त्यांनी तो चालवला. ते समजावून सांगायचे की कोळसा, तेल हा साठा आहे, काढला की संपतो आणि त्याच्यावरून भांडणं होतात. ऊन, वारा, वाहतं पाणी हा प्रवाह आहे, त्याच्यावर जगलं तर संपत नाही. म्हणजे सूर्याच्या विजेचा विचार वर्ध्याला नवा नाही. फक्त कुमारप्पांच्या विचारात त्या प्रवाहावर गावाचा हात होता. आज तो हात कुठं आहे, हा आमचा प्रश्न आहे.

तेंदूचा लिलाव आणि विजेचा लिलाव

विजेचा बाजार समजायला अवघड नाही. आपल्याला तेंदूचा लिलाव माहीत आहे. तिथं जो ठेकेदार जास्त भाव बोलतो त्याला युनिट मिळतं. विजेचा लिलाव उलटा चालतो. सरकार म्हणतं, आम्हाला इतके मेगावॅट वीज पाहिजे, कमीत कमी दरात कोण देतो? जो सर्वात कमी बोलतो त्याला पंचवीस वर्षांचा करार मिळतो. पंचवीस वर्षं सरकार त्याची वीज त्याच दराने घेणार.

या उलट्या लिलावाने दर किती खाली आला बघा. २०१० साली राष्ट्रीय सोलर मिशनच्या पहिल्या लिलावात युनिटला दहा-बारा रुपये दर लागला होता. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानच्या भादल्यात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे झाला. पेपरात बातम्या आल्या, सोलर कोळशापेक्षा स्वस्त झालं. पॅनल स्वस्त झाले हे खरं कारण आहेच. कर्ज कमी व्याजाने मिळालं हेही आहे. पण दर कमी बोलायचा म्हणजे प्रत्येक खर्च कापायचा. पॅनलचा भाव बाहेरच्या बाजारात ठरतो, व्याज बँक ठरवते. मग कंपनीला दाबता येईल असं काय उरतं? जमीन आणि मजुरी. म्हणून कंपनी आणि सरकार दोघंही अशी जमीन शोधतात जी जवळजवळ फुकट मिळेल. ती जमीन म्हणजे आपली चराई, आपलं झुडपी, आपली ई-क्लास.

याशिवाय विजेचा रोजचा बाजारही आहे. २००८ पासून देशात वीज एक्सचेंज चालतं. आपल्या बाजार समितीत सकाळी बोली होते, तिथं दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा भाव ठरतो. हिरव्या विजेचा वेगळा बाजारही २०२० पासून आहे. वीज कंपन्यांना आणि मोठ्या कारखान्यांना ठराविक हिस्सा हिरवी वीज घेणं कायद्याने सक्तीचं आहे. ज्याने घेतली नाही त्याला प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, एका प्रमाणपत्रामागे एक हजार युनिट. म्हणजे "ही वीज हिरवी आहे" या एका वाक्यालाही बाजारात भाव आहे. आपल्या गावच्या उन्हाला भाव आहे, हिरवेपणालाही भाव आहे. ज्या जमिनीवर ते ऊन पडतं तिच्याच भावाची वेळ आली की ती 'पडीक' होते.

एकदा हिशोब मांडू

राज्य सरकारने २०२३ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आणली. गावाच्या सबस्टेशनजवळ सोलर उभं करायचं, त्याच्यावर शेतीचे फीडर चालवायचे, शेतकऱ्याला दिवसा लाईन द्यायची. उद्देश चांगला आहे. खाजगी वावर भाड्याने घेतलं तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने. आणि ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प होईल तिला सार्वजनिक कामासाठी वर्षाला पाच लाख, असं तीन वर्षं, एकूण पंधरा लाख.

आता वहीत लिहा. एका मेगावॅटला साधारण पाच एकर जमीन लागते. पाच मेगावॅटचा प्रकल्प म्हणजे पंचवीस एकर. एक मेगावॅट आपल्याकडच्या उन्हात वर्षाला अंदाजे १५ लाख युनिट देतो. पाच मेगावॅट म्हणजे ७५ लाख युनिट. दर मोटामोटी तीन रुपये धरा. वर्षाची विक्री सव्वादोन कोटी. पंचवीस वर्षांची सव्वाछप्पन कोटी. हा सगळा नफा नाही हे आम्हालाही कळतं. मेगावॅटमागे साडेतीन-चार कोटी आधी घालावे लागतात, कर्जाचं व्याज असतं, देखभाल असते. पण विक्री तेवढी आहे.

या सव्वाछप्पन कोटीत, जमीन गावची ई-क्लास असेल तर, गावाला पंधरा लाख. शंभर रुपयांत सत्तावीस पैसे. तेही पहिल्या तीन वर्षांत संपतात. उरलेली बावीस वर्षं ढोरं दुसऱ्या गावाच्या शिवेत नेऊन चारायची आणि तिथं भांडणं करायची.

आता दुसरा हिशोब. गावाने म्हटलं की आम्हाला युनिटमागे फक्त दहा पैसे द्या. वर्षाला साडेसात लाख होतात. पंचवीस वर्षांत एक कोटी साडेसत्त्याऐंशी लाख. तीन रुपयांतले दहा पैसे. तेवढ्याने कोणाचा प्रकल्प बुडत नाही. पण ग्रामसभेला दरवर्षी स्वतःचा पैसा येतो, आमदार-खासदाराकडे हात पसरावा लागत नाही.

कोणी म्हणेल, असा वाटा देशात कुठं असतो काय? असतो. खाणीवाल्यांना २०१५ च्या कायद्यापासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा भरावा लागतो, तो खाणीने बाधित गावांसाठी. पाण्याच्या विजेचं २००८ चं केंद्राचं धोरण आहे. त्यात एक टक्का वीज स्थानिक विकास निधीसाठी ठेवलेली आहे आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त घराला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट द्यायचे आहेत. खाणीला नियम आहे, धरणाला नियम आहे. मग सोलर आणि पवनचक्कीच्या गावांसाठी तसा पक्का नियम काहून नाही? सोलरमुळे धूर होत नाही म्हणून? धूर नाही झाला तरी चराई जातेच.

'पडीक' कोणाच्या वहीत?

सरकारी कागदावर जमीन पडीक असते, गावात ती पडीक नसते. शेरडं तिथं चरतात. बाया तिथून सरपण आणतात, तरोट्याची भाजी खुडतात, मोहफुलं वेचतात, झाडूचं गवत कापतात. आषाढात पेरणीच्या वेळी वावरात ढोर जाऊ देत नाहीत, तेव्हा अख्ख्या गावाचा गोधन तिथंच असतो. जुन्या मध्य प्रांतापासून याला निस्तार म्हणतात. निस्तार पत्रकात गावाचे हे हक्क लिहिलेले असतात. तुमच्या गावाचं निस्तार पत्रक तहसीलमधून काढा. सोलरच्या बोलणीत तो पहिला कागद आहे.

आणि आपल्या भागात झुडपी जंगल आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत होता. महसूलवाले म्हणायचे आमचं, वनवाले म्हणायचे आमचं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १९९६ च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल ही वनजमीनच धरायची. या निकालाने आपल्या काही लोकांच्या घरा-वावरांची चिंता वाढली आहे, त्याच्यावर संघटना वेगळी बोलेलच. पण सोलरच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. झुडपी जमिनीवर प्रकल्प आणायचा तर ती वनजमीन वळती करणं आहे. पटवाऱ्याच्या शेऱ्याने आणि सरपंचाच्या सहीने ते होत नाही.

दुसऱ्या ठिकाणी काय झालं तेही बघा. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या डोंगरावर वनजमीन पवनचक्क्यांना दिली. तिथं महादेव कोळी आणि इतर लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. २०११ च्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालात नोंद आहे की डोंगर फोडून रस्ते केले, दरडी पडल्या, गाळ खाली आला, वनहक्क कायद्याची अंमलबजावणी झाली नव्हती, आणि ज्या डोंगरावर लोक पूर्वापार जात होते तिथं त्यांना अडवलं गेलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या, तेव्हा तीच जमीन कसणाऱ्या आदिवासींचे हक्क ठरायचे बाकी होते. त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. त्या काळात अशा विजेवर परदेशी कार्बन क्रेडिट विकायचाही बाजार होता. म्हणजे हवा साफ ठेवल्याचं बक्षीस कंपनीला, आणि जंगल सांभाळणाऱ्याच्या हातात 'अतिक्रमणधारक' अशी नोटीस.

वारा, ऊन यांचा यात दोष नाही. आधी हक्क ठरवायचे आणि मग जमीन द्यायची, हा क्रम तिथं उलटा झाला. आपल्याकडे तो उलटा होऊ द्यायचा नाही.

कायदा आपल्या हातात काय देतो

वर्धा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथं पेसा लागत नाही. गडचिरोलीच्या ग्रामसभांना पेसाचा जो आधार आहे तो आपल्याला नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा अख्ख्या देशाला लागतो, वर्ध्यालाही. त्यातली चार कलमं प्रत्येक ग्रामसभेच्या सचिवाला पाठ पाहिजेत.

कलम ३(२) बघा. गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येईल अशा तेरा गोष्टींची यादी त्यात आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाणी, रस्ता. त्याच यादीत अपारंपरिक ऊर्जा म्हणजे सोलर-पवनही आहे. पण अटी आहेत. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, प्रकल्प सरकारचा पाहिजे, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. कायदा करणाऱ्यांनी जंगलातल्या गावासाठी सोलरचा विचार केला होता, तो गावाच्या दिव्यासाठी. पंचवीस एकरचा कंपनीचा प्रकल्प या कलमात बसत नाही. कोणी तसा बसवून दाखवत असेल तर त्याला कायद्याचं पान वाचून दाखवा.

कलम ४(४) प्रमाणे वनपट्ट्याची जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पट्ट्याच्या वावरावर कोणी भाडेपट्ट्याचा कागद पुढे केला तर सही करू नका.

कलम ४(५) प्रमाणे दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला त्याच्या ताब्यातून हलवता येत नाही.

कलम ५ प्रमाणे आपलं सामूहिक वन सांभाळायचा आणि त्याचं नुकसान थांबवायचा अधिकार ग्रामसभेचा आहे.

३ ऑगस्ट २००९ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पत्रक काढलं की वनजमीन वळती करायच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेची संमती पाहिजे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराचा प्रश्न आला, तेव्हा १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही जणींनी नाही म्हटलं, आणि खाण थांबली. पुढे २०२२ च्या नियमांनी केंद्राने ही जबाबदारी राज्यावर ढकलली. म्हणून आता डोळे राज्याच्या कागदांवर ठेवावे लागतात, आणि ज्यांचे सामूहिक दावे अजून टाकलेले नाहीत त्यांनी ते या महिन्यात टाकावेत. दावा टाकलेला असला तर गावाकडे बोलायला आधार आहे. नसला तर साहेब म्हणणार, हक्क सांगणारं इथं कोणीच नाही.

आणखी एक गोष्ट. २०२५ च्या सप्टेंबरात महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं की आदिवासींना आपली जमीन खाजगी लोकांना थेट भाड्याने देता येईल असा बदल आणू, किमान भाडं एकरी ५० हजार. आज आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर जमीन महसूल कायद्याची अडवणूक आहे, वरची परवानगी लागते. ती अडवणूक आपल्या बापजाद्यांनी सावकाराकडे गेलेल्या जमिनी बघून मिळवलेली आहे. एकरी ५० हजार ऐकायला बरं वाटतं, ज्याच्या घरी लग्न-आजारपण आहे त्याला तर फारच. पण तीस वर्षांनी तुमच्या नातवाला त्या वावराची शीव तरी दाखवता येईल काय, हे विचारा. भाड्याचा पैसा घरात येतो, शेतीची सवय मात्र घरातून जाते.

जमिनीखालची गरम वीज

काही साथींनी विचारलं की आता गरम पाण्याच्या झऱ्यापासूनही वीज करणार म्हणे. हो. जमिनीच्या पोटात उष्णता असते. भोक पाडून ते गरम पाणी, वाफ वर आणायची आणि तिच्यावर चक्र फिरवायचं. ऊन रात्री नसतं, वारा कधी पडतो, ही उष्णता मात्र चोवीस तास असते. म्हणून तिच्यावर सरकारची नजर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राने या विजेचं राष्ट्रीय धोरण काढलं. देशात मोठी वीज अजून कुठं तयार होत नाही. लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीने २०२१ ला करार करून १ मेगावॅटचा प्रयोग हाती घेतला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये भोक पाडताना आतलं गरम पाणी वर येऊन ओढ्यात गेलं. ती जागा चांगपा मेंढपाळांची चराई आहे. छत्तीसगडच्या आदिवासी भागात तातापानीला भूगर्भवाल्यांनी पूर्वीच भोकं पाडून तपासणी केली आहे.

आपल्या जवळ काय आहे? पैनगंगेच्या काठचं किनवट तालुक्यातलं उनकेश्वर आणि मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी. दोन्हीकडे गरम पाणी आहे, दोन्हीकडे आपले लोक अंघोळीला, यात्रेला जातात. चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव आहे. तिथं उद्याच मशीन लागणार अशी अफवा आम्ही पसरवत नाही. पण गरम झरे बहुतेक डोंगर-जंगलात आणि देवस्थानात असतात. धोरण आत्ता तयार होतंय, बाजार आत्ता सुरू होतोय. सोलरमध्ये आपण दहा वर्षं उशिरा जागे झालो. या वेळी आधी बोलायला काय हरकत आहे?

गाव मालक होऊ शकतं काय?

होऊ शकतं. तामिळनाडूत कोइम्बतूर जिल्ह्यात ओडन्थुराई नावाची ग्रामपंचायत आहे. त्यांनी २००६ ला स्वतःची शिल्लक आणि बँकेचं कर्ज मिळून दीड कोटीच्या आसपास खर्च केला आणि ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. तिची वीज मंडळाला विकली आणि त्या पैशातून कर्ज फेडलं. पवनचक्की कंपनीची नाही, पंचायतीची.

२०१९ च्या पीएम-कुसुम योजनेच्या 'अ' भागात अर्ध्या मेगावॅटपासून दोन मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, पंचायतही उभारू शकते. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे की सरकारने जाहीर केलेल्या ग्रामीण भागात स्वतः वीज तयार करून वाटायची असेल तर लायसन लागत नाही. कागदावर दार उघडं आहे. आत जायला भांडवल लागतं आणि तिथंच आपण अडतो. अर्ध्या मेगावॅटलाही दीड-दोन कोटी लागतात. गाव म्हणेल, एवढा पैसा आमच्याजवळ कुठून? बरोबर आहे. म्हणून आमची मागणी आहे की आदिवासी विकास विभागाने ग्रामसभांच्या सोलरसाठी भांडवल द्यावं आणि कर्जाला हमी राहावं. कंपनीला सवलत देता येते तर ग्रामसभेलाही देता येते.

"आपल्याला हे जमेल काय?" असं जे म्हणतात त्यांना आम्ही मेंढा-लेखाची आठवण देतो. २००९ ला त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू हे गवत आहे की झाड, याच्यावर त्यांना वनखात्याशी झगडावं लागलं. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत सगळे म्हणत होते, गोंडांच्या गावाला टेंडर काढता येतं काय? आज गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा तेंदू-बांबू स्वतः विकतात, बँकेत खातं ठेवतात, ऑडिट करतात. बाजार कोणाच्या जन्माला लागून येत नाही, तो शिकता येतो.

तरुण साथींना एक सांगतो. सोलरमध्ये नोकरी मिळेल म्हणून ठरावाला हात वर करू नका. बांधकामाच्या काही महिन्यांत मजूर लागतात, नंतर पॅनल पुसायला आणि राखण करायला मोजके लोक पुरतात. वाटा मागा. नोकरी मागायची तर किती जणांना, किती वर्षं, किती पगारावर, हे करारात लिहून घ्या. आणि जुन्या साथींना सांगतो. नुसतं नाही म्हणून भागणार नाही. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-कोळशाची वीज करायची असं देशाने ठरवलं आहे. जमीन लागणारच आणि ती शोधत लोक येणारच. आपण काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं नाही तर दुसरा कोणी आपल्या नावाने हो म्हणून मोकळा होईल.

ग्रामसभेचा ठराव

खाली एक नमुना देतो. आपल्या गावाप्रमाणे बदल करून घ्या. ठरावावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, बायांची संख्या वेगळी लिहा, एक प्रत तहसीलला, एक उपविभागीय अधिकाऱ्याला, एक वनविभागाला देऊन पोच घ्या.

"आमच्या ग्रामसभेच्या हद्दीतील ई-क्लास, झुडपी जंगल व वनजमीन गावाच्या निस्तार व सामूहिक वनहक्काची आहे. ती पडीक नाही. म्हणून ही ग्रामसभा ठरवते की,

१) सामूहिक व वैयक्तिक वनहक्क दावे निकाली निघाल्याशिवाय कोणत्याही सोलर, पवन, उष्ण झरा किंवा इतर वीज प्रकल्पास जमीन देण्यात येऊ नये.

२) ग्रामपंचायतीचा किंवा सरपंचाचा ना-हरकत दाखला ही ग्रामसभेची संमती समजू नये.

३) ग्रामसभेने संमती दिल्यास दर युनिटमागे किमान दहा पैसे, कराराची पूर्ण मुदत, ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावेत.

४) चराई, पाणवठा, देवस्थान व जाण्या-येण्याचा रस्ता यांना कुंपण घालू नये.

५) प्रकल्प सुरू न झाल्यास, बंद पडल्यास किंवा कंपनी बुडाल्यास जमीन आपोआप गावाकडे परत यावी. खराब पॅनल उचलून नेण्याची जबाबदारी कंपनीची राहील व त्यासाठी अनामत रक्कम आधी जमा करावी.

६) करार मराठीत असावा व ग्रामसभेत पूर्ण वाचून दाखवावा.

७) प्रकल्पाच्या विजेतून आधी आमच्या गावाला व वनपट्टाधारकांच्या पंपांना दिवसा लाईन मिळावी. सौर कृषिपंपासाठी वनपट्टा हाच पुरावा धरावा."

साथींनो, हा अंक वाचून ठेवून देऊ नका. ज्याला वाचता येतं त्याने पारावर बसून मोठ्याने वाचावा, आणि विशेष करून हिशोबाचा भाग दोनदा वाचावा. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. निस्तार पत्रक काढा. सामूहिक दावा टाकला नसेल तर टाका. कोणी जमीन मागायला आलं तर त्याला चहा द्या, त्याचे कागद मागा, आणि सांगा की उत्तर ग्रामसभा देईल.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!
आमच्या गावात आम्हीच सरकार!